वाकलेली फळी

धनुर्वाताला आमच्या बोलीत म्हणतात वाकलेली फळी.
खोईला ते समजावून सांगावं लागलं नाही.
चाळीस वर्षं हाउ नदीच्या काठी
त्यानं फळ्या विस्तवावर धरल्या,
एका अंगानं शेकत, दुसऱ्या अंगानं पाणी मारत,
होडीच्या पोटाइतक्या हळूहळू वळवल्या.
मग एक खिळा. त्याच्याच डब्यातला, गंजलेला,
चपलेतून थेट टाचेत.
आठव्या दिवशी भाताचा घास ओठांशी थांबला.
दातखीळ.

रात्रपाळीला मी असते, थोआ.
खोली तीन. खिडकीला काळा कागद,
दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं,
कारण चमचा पडला तरी तो गादीवरून उचलला जातो,
डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या,
मधल्या पोकळीतून मांजर निघून जाईल.
डॉक्टर हियेन म्हणतात, कण्यात एक निरोप्या असतो
'पुरे' म्हणणारा. विषानं त्याचंच तोंड बांधलं.
आता स्नायूंना ऐकू येतं फक्त 'ओढ, ओढ'.

म्हणून ही कुपी. फ्रिजमधली, बोटाच्या पेराएवढी.
शेजारच्या इमारतीत अपेंडिक्स काढताना
पोट मऊ पडावं म्हणून हीच देतात, तासाभरापुरती.
आमच्याकडे तीन तीन आठवडे.
हिचा पणजोबा म्हणे दूरच्या कुठल्या जंगलात
बाणाच्या टोकावर राहायचा.
माकड फांदीवरून गळून पडायचं,
शुद्धीत, श्वासाविना.

शुद्धीत.
हा एक शब्द माझ्या घशात अडकलेला आहे.
औषध स्नायूच्या उंबऱ्यावर ठाण मांडतं,
वरचा हुकूम आत जाऊ देत नाही,
पण मनाकडे फिरकतसुद्धा नाही.
झोपेचं औषध वेगळं, त्याची नळी वेगळी,
ती मी तासातासाला चाचपते,
कुठं मुडपली तर नाही ना.

पहिला डोस मीच दिला.
पापण्या गेल्या, जबडा गेला, हातपाय, पोट,
शेवटी श्वास. तोही स्नायूंचाच धंदा.
यंत्रानं तो वरच्या वर झेलला.
सुंभ जळला नाही, पीळ तेवढा गेला.
लुआ दाराच्या फटीतून बघत होती.
"गेले?"
"नाही हो. सैल सोडलंय."

पापणी मिटणं हेही कामच असतं कुणाचं तरी.
ते आता माझ्याकडे.
चार तासांनी डोळ्यांत मलम, वर चिकटपट्टी.
लुआ सांगते, होडी पुरी झाली की
नाळेवर डोळे हेच रंगवायचे,
तोवर ती आंधळी, पाण्यात कुणी लोटत नाही.
एक तशीच उभी आहे काठावर.
उजवा डोळा झालाय. डाव्याला नुसता चुना.

माझी पाठ गेली या माणसाला कुशीवर वळवून वळवून.
मलाही गोळी दिलीय, पिवळी, स्नायू सैल करणारी.
नावाला एकाच घराण्यातली,
पण ही मेंदूतच बसून पेंगते.
परवा बसमध्ये झोपले, माझा थांबा गेला,
फेरीच्या धक्क्यापर्यंत पोचले.

पहाटे मनगटाला दोन तारा लावते,
चार झटके देते, अंगठ्याकडे बघते.
शून्य.
शून्य.
कितीतरी दिवस शून्य, मग एक.
एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी थेंब थांबवले.
तीन. मग चार, चौथा जरा लंगडा.

आणि नेमका तेव्हाच माझ्या कोपरानं
स्टीलचा ट्रे फरशीवर.

मी डोळे मिटले.
उघडले.
पाठ गादीवरच होती.

ट्रे तसाच राहू दिला.
उजव्या डोळ्याची पट्टी काढली. मलमाखाली काळं काही हललं.
डावीचं टोक नखानं सोडवत होते,
तेवढ्यात खालून पापणीनं ती ओढली.