पाचवी

पाचव्या दिवशी आम्ही पट्टी उघडतो.
त्याआधी नाही, कितीही खाजलं, कुणी कितीही विनवलं तरी.
धुळ्याच्या जळीत कक्षात अकरा वर्षं
हा दिवस मी नाकानं ओळखत आलेय.
आधी वास, नासत चाललेल्या द्राक्षांचा, गोडसर.
मग गॉजवर तो रंग,
मोराच्या मानेला शोभेल असा,
आणि डॉक्टर बोलायचे थांबतात.

हिलाल धुडकू माळी,
चोपड्याच्या नाक्यावर केळीचे वेफर्स तळणारे.
कढई कलंडली. उजवा हात, छातीची एक बाजू.
मांडीवरून सोललेली कातडी
यंत्रातून फिरवली, तिची जाळी झाली,
तापीत टाकतात तशी.
जखमेवर अंथरून पिना मारल्या.
पाचव्या दिवशी जाळी हिरवी.
चिमटा लावला
तर सायीसारखी निघून आली.

"मन्हीच कातडी ना व ताई?
मंग मन्हाच आंगले कसाले नही धरनी?"

काय सांगू,
की नव्या जागी गेलेल्या कातडीला
पहिले दोन दिवस रक्ताची वाटच नसते,
ती नुसती ओल शोषून तग धरते.
सलाइनमधलं औषध शिरेतून येतं
आणि तिच्या उंबऱ्याच्या अलीकडेच रस्ता संपतो.
जंतूंना रस्ता लागत नाही.

शगुफ्ता पिंजारी जळगावहून यायची, थंडपेटी घेऊन.
तिचे आजोबा अमळनेरात कापूस पिंजायचे,
ही पेशी सुट्या करते.
आम्ही फेकायच्या त्या कातरणी मागून न्यायची.
आप्पांनी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला,
उजवा पट्टीत होता.
"लई जाईसन काय करशी व माय?"

ती म्हणाली, लिहीन.
पेशीत एक ओळ लिहीन,
जंतूला भोसकणारं प्रथिन कसं घडवायचं त्याची.
ओळ तुमच्यात आहेच आप्पा, सगळ्यांत असते,
पण डिवचल्याशिवाय कातडी ती वाचत नाही,
आणि भाजलेली तर अक्षरच विसरते.
मी अशी लिहीन की कुणी न सांगता
रात्रंदिवस वाचली जाईल.

"आणि ती आत नेणार कोण?" मी विचारलं.
"विषाणू," ती हसली. "दात काढलेला."

आप्पा बराच वेळ छताकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "म्हंजे सटी."

माझ्या पोराच्या पाचवीला
मीही पाट्याजवळ कोरा कागद ठेवला होता,
वॉर्डातलंच पेन, टोपण काढून.
सकाळी कागद कोराच.
सासू म्हणाली, तिचं लिहिलेलं दिसत नसतं.

मे महिन्यात रजा काढून जळगावला गेले.
बाहेर सेहेचाळीस. काचेच्या कपाटात सदतीस,
आप्पांची कातडी आमच्यापेक्षा गारव्यात.
वीज गेली की शगुफ्ता आधी कपाटाकडे पळते.
तिनं दोन बश्या उजेडात धरल्या.
एकीत कातडीचा ठिपका
आणि त्याला खेटून, चढून, सगळं हिरवं.
दुसरीत लिहिलेला ठिपका,
भोवती स्वच्छ, रिकामं
खळं,
चंद्राला पडतं तसं.
करंगळीच्या नखाएवढं असेल.

"एवढंच?"
"एवढंच. माणसाला लावायला अजून वर्षं आहेत.
आणि लिहिलेलं कधी कधी पुसलंही जातं,
तीन आठवड्यांत."

आप्पांचा हात तोवर भरून आला होता,
दुसऱ्या जाळीनं, व्हिनेगरच्या पट्ट्यांनी,
आणि मी इतक्यांदा हात धुतले त्यानं.
कोपर पुरतं सरळ होत नाही.
झारा डाव्या हातात.
फोन केला की आधी केळीचा भाव सांगतात,
मग आवाज खाली आणून,
"ती मन्ही, तठे, जळगावले...
जागी शे ना?"

आहे, म्हणते मी.

आज सात नंबरच्या खाटेची पाचवी.
पोरगी आहे, नऊ वर्षांची, माझ्या तोंडाकडे बघतेय.
हात धुते. कात्री घेते.
पट्टीला कात्री लावण्याआधी
खाली वाकून
वास घेते.