दुपार-२

सोहारच्या बंदरामागे, चार नंबर गेटच्या आत
आमचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक केबिन.
तिथला लॅपटॉप धुरी नावाच्या माणसाकडून
माझ्याकडे आला, खुर्चीवरच्या उशीसकट.
धुरीला मी कधी पाहिलेलं नाही.

गुरुवार. चारच्या आत मस्कतला
चारशे बारा माणसांचे तास पाठवायचे,
नाहीतर पगार पुढच्या आठवड्यावर.
बेरजेला बसवला तर कर्सर गोल गोल,
लग्नघराच्या पायरीवर
आपली चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.

बघितलं तर प्रोसेसर दीडवर खिळलेला.
जाऊ शकतो तीनच्या वर.
व्हायरस नाही, मेमरी अर्धी रिकामी,
चार्जर लावलेला, बॅटरी शंभर.
आजारी नव्हता हा.
याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, हळू चाल.

सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्या आत अजून एक.
शेवटी पॉवर प्लॅनची यादी:
बॅलन्स्ड, हाय परफॉर्मन्स,
आणि खाली इंग्रजी अक्षरांत कुणी टाइप केलेलं
दुपार २.
दुपार १ कुठेच नाही.

उघडलं. किमान पाच टक्के, कमाल पासष्ट.
गरम झाला तर आधी वेग कमी, मग पंखा.
मला राग आला. उगाच नाही,
चारशे बारा माणसं आणि हा कंजूष.
कमाल शंभर केलं, ओके दाबलं.

काय पळाला!
पंखा असा घोंगावला की टेबलावरची पावती उडाली.
तीन पूर्णांक एक. नावं सरसर खाली,
आणि एकशे सदतिसाव्या माणसावर
(रफीकुल, रिगर, दोनशे आठ तास)
पडदा काळा.

बाहेर साडेबारा ते साडेतीन काम बंद, कायद्यानं.
माणसं तंबूत आडवी, तोंडावर ओला गमछा.
या तीन तासांत जनरेटरचा सगळा जोर
तंबूच्या एसीला जातो, जायलाच हवा.
आमचा एसी तेवढ्यापुरता नुसता वारा घालतो, तोही गरम.
लॅपटॉपच्या बुडाला हात लावला.
भाकरी भाजली असती.

नव्वद करून पाहिलं. रफीकुल.
ऐंशी केलं. रफीकुलच्या पुढे चार माणसं, मग काळोख.

दोन वाजता धुरीला फोन लावला.
कुडाळात साडेतीन वाजले असतील,
आवाज नुकता उशीवरून उठलेला.
मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.
तो म्हणाला, "लॅपटॉप?"

"पासष्टच का ठेवलंत?"
"सत्तराक बंद पडता."
"आणि दुपार एक?"
"तो ऐंशीचो होतो. पयल्या उन्हाळ्यातलो."

मग बराच वेळ मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
मी ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला,
"नोव्हेंबरात शंभर कर. तेव्हा पळता.
आणि खणात चार झाकणां आसतली बग, लबनाची.
चार कोपऱ्यांखाली घाल. खालसून वारो लागाक होयो."

झाकणं मी पाहिली होती.
आल्याच्या पहिल्या आठवड्यात खण साफ करताना
म्हटलं होतं, काय माणूस, झाकणं जमवतो.
एक बहुतेक तेव्हाच कचऱ्यात गेलं.
तीन सापडली.

चौथ्या कोपऱ्याखाली खोडरबर ठेवला.
दुपार २ वर टिचकी मारली.
दीड.
नावं एकेक करून उतरायला लागली,
रफीकुल आला, थांबलासा वाटला, गेला.

साडेतीनचा भोंगा झाला, तंबूतून माणसं निघाली,
कुणी हेल्मेटात पाणी ओतून डोक्यावर घेतलं.
पावणेचारला मी तीनशे नव्वदावर होतो.
खोडरबर झाकणाहून थोडा उंच,
त्यामुळे टाइप करताना
लॅपटॉप दर अक्षराला जरासा डुलत होता.