खानेसुमारी

भाच्याला हवा आहे एकच शब्द,
पन्नास सालाच्या आधीचा,
जातीच्या रकान्यात, शाईने लिहिलेला.
त्याच्या नोकरीची फाईल तेवढ्यावर अडली आहे.
क्षितिजला सुट्टी नाही, मी रिटायर,
म्हणून सिव्हिल लाइन्सच्या या खोलीत माझी तिसरी खेप.
कूलर आहे, पाणी नाही त्यात.
खापेकरबाबू ओला दुपट्टा डोक्याला बांधून
वही आणतात दोन्ही हातांवर,
बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तशी.

मोहल्ला तांडापेठ. सन अठराशे सत्त्याऐंशी.
घर नंबर दोनशे अकरा.
नत्थू वल्द डोमा.
पुरुष एक. बायका तीन. माग दोन.

शब्द तिथेच होता, चौथ्या रकान्यात,
थोडा फुटलेला, पण वाचता येणारा.
"भेटला नं जी ताई?" खापेकरबाबू म्हणाले.
भेटला.
उठायला हवं होतं मी.

पण पुरुष एक आणि माग दोन?
मी कोष्ट्याची पोर आहे, एवढा हिशेब मला येतो.
एक माणूस एका खड्ड्यात पाय सोडून बसतो,
एकच धोटा फेकतो.
मग दुसऱ्या मागावर कोण होतं?

आमच्यात सांगतात, बायका कांड्या भरायच्या,
पाजणीला उभ्या राहायच्या,
मागावर बसायची ती गडीमाणसं.
आबाजी सांगायचे, आत्याही सांगते,
आणि वही सांगते, माग दोन.

दहा वर्षांनंतरची वही. वाळवीने कडा खाल्लेली.
घर तेच, नत्थू तोच.
पुरुष दोन, म्हणजे माझे पणजोबा आले, गुंडाळलेले, अक्षरात.
बायका दोन.
माग एक.

एक बाई गेली
आणि तिच्यासोबत एक माग गेला.

ताप आला असेल, पटकी असेल,
विहीर असेल, मी तीही धरते हिशेबात.
पण मेलेल्या बाईसोबत माग कसा जाईल?
माग विकतात, जाळत नाहीत.

तेव्हापासून मी पानं उलटते आहे.
बाराची गोळी चुकली.
डब्यातली भाजी आंबली.
नाईक तलावाकडची ओळ, एकामागून एक घरं,
वल्द, वल्द, वल्द,
सगळे कोणाचे तरी मुलगे.
आणि मग घर नंबर सदतीस,
नावाच्या जागी एक आडवी रेघ,
पुरुष शून्य. बायका एक. माग एक.

लिहिणाऱ्याने विचारलं नसेल.
किंवा विचारलं असेल
आणि तिने आतून, धोटा न थांबवता,
सांगितलं असेल काहीतरी,
जे त्या रकान्यात बसत नव्हतं.

ती आमची, असा पुरावा नाही.
नत्थूची बहीण, नत्थूची पहिली बायको,
किंवा कोणीच नाही, परक्या घरची रेघ.
आत्याला फोन केला.
"तशी कोणी नव्हती आपल्यात," ती म्हणाली,
फार लवकर म्हणाली.
मग थोड्या वेळाने, "काहून विचारतं तू?"

खापेकरबाबूंनी झेरॉक्स काढून आणल्या.
पानामागे वीस रुपये, वर गोल शिक्का.
दोनशे अकरा नंबरच्या पानावर
वही दाबून धरताना त्यांचा अंगठा आलाय,
काळा, ठसठशीत, नखासकट,
बरोबर बायकांच्या रकान्यावर.

"जातीचा रकाना स्वच्छ आलाय नं, ताई,
कमिटी तेवढंच पायते.
पाच वाजले, मशीन बंद करतो आता."

मी पर्समधून चाळीस रुपये काढले.
म्हटलं, हे पान पुन्हा काढा, बाबू.
आणि सदतीस नंबरचंही एक.
त्यांनी अर्ज पुढे सरकवला.
'अर्जदाराशी नाते' असा एक रकाना होता त्यात.
पेन हातात धरून मी बसून राहिले,
बाहेर चपराशी खिडक्या लावत येत होता,
एक, मग दुसरी.