यादीत नसलेलं

तांबट आळीत आमच्या घरचा शेवटचा ठोका
बंद पडला तेव्हा मी आठवीत होतो.
आजोबांचा हात घंगाळावर, घंगाळ पालथं.
आता त्याच जागेत लेथ आहे, बटाल्याचा, जुना घेतलेला,
भिंतीवर बंदूकदुरुस्तीचा परवाना, काचेत,
आणि खाली सातपूरहून आणलेला तेलाचा डबा.

नौशेर मिस्त्री देवळाली कँपातून रिक्षानं आले.
बेकरी मुलाकडे देऊन सहा वर्षं झालेली.
रुमालातून काडतुसाची पुंगळी काढली,
शिसवी लाकडाची, स्वतः कातलेली,
मान जरा आखूड, खांदा जरा उभा.
"हे मिळतं कुठे?"
"कुठेच नाय. म्हणून तर तुझ्याकडे आलो."
साहेब लोक अशाला रानमांजर म्हणतात, ते म्हणाले.
कुठल्या कारखान्यानं पाळलेलं नाही,
कुणाच्या तरी वहीत, मध्यरात्री, व्यालेलं.

कागदांना दोन वर्षं गेली.
कचेरीतला कारकून यादीवरून बोट फिरवत बसला.
"बोअर कुठला लिहू?"
"आहे तो लिही."
"आहे तो यादीत नाही."
शेवटी रकान्यात पेन्सिलीनं आडवी रेघ मारली त्यानं
आणि त्या रेघेवर साहेबाची सही झाली.

जानेवारी. बोटं लोखंडाला चिकटतील असा गारठा.
नळी चकमध्ये धरली. डायलची सुई
दोन घरं नाचली.
चार जबडे, लग्नघरातले चार रुसलेले,
एकाला सैल केलं की समोरचा आवळून बसतो.
तासाभरानं सुई उभी राहिली
तेव्हा दुकानात मी, आणि नौशेरजींचा दमा.

रीमर हळू. इतका हळू
की दारातून बघणाऱ्याला वाटावं, कामगार झोपलाय.
थोडं आत. बाहेर. कीस पूस. तेल.
थोडं आत.
कीस राखी, कुरळा, पापणीच्या केसाएवढा,
एक जरी मागं राहिला तरी खोलीच्या भिंतीला ओरखडा,
आणि मग प्रत्येक बाराला
तोच ओरखडा पितळावर उमटणार, जन्मभर.
आजोबा सुतात मोजायचे.
मी सुताचे सव्वाशे भाग करून
त्यातल्या एकासाठी श्वास धरून उभा.

शेवटी दोन मापं.
एकावर बोल्ट मिटला पाहिजे,
दुसऱ्यावर मिटता कामा नये.
पहिल्यावर मिटला, देव्हाऱ्याचं दार मिटतं तसा.
दुसऱ्यावर अडला. मी जोर लावला नाही.
"माझ्या जावयासाठी पण एक बनव असं माप,"
नौशेरजी म्हणाले, आणि खोकत राहिले.

रेंजवर रायफल त्यांनी माझ्याकडेच सरकवली.
"तू मार. माझ्या डोळ्यात साय आली आहे, चहावरची."
पहिलं काडतूस विकतचंच, जवळच्या जातीचं.
बार.
डोंगरानं आवाज उशिरा परत केला.
बोल्ट मागे ओढला, पुंगळी तळहातावर पडली, गरम.
आत गेली ती बाजारातली होती.
आली ती मान आखूड करून, खांदा उभा करून.

आजोबा आत खरवई धरत, वरून हातोडा,
एका हंड्याला किती ठोके, त्यांनाही ठाऊक नसायचं.
इथं ठोका आतून, एकच, आगीचा,
आणि खरवई बाहेर उभी, मी कातलेली.
त्यांना हे दाखवायला हवं होतं.
बहुतेक म्हणाले असते, आवाज फार होतो.

नौशेरजींनी दोन्ही पुंगळ्या शेजारी उभ्या केल्या,
अंगठा फिरवला, आधी लाकडावर, मग पितळावर,
पुन्हा लाकडावर.
"माझी जरा जाडी झाली," म्हणाले.
नाव काय ठेवायचं, मी विचारलं.
"रेघ आहे ना. राहू दे."

पितळी पुंगळी मोजून रजिस्टरात चढली.
शिसवी मात्र ते लेथवर विसरून गेले,
की ठेवून गेले.
रिक्षा भद्रकालीकडे वळेपर्यंत ती माझ्या हातात होती.
हाक मारता आली असती.