चमचाभर मीठ

जूनमध्ये, पानं सहा झाली की
झारीभर पाण्यात चमचाभर मीठ घाल,
कुंपणापलीकडून ल्युत्सिया म्हणाली.
मी हसलो.
एकतीस वर्षं मासेमारीच्या जहाजावर काढून
इथे उतेनाला आलो तो
अंगावरचं मीठ एकदाचं धुवायला.
आता तेच विकत आणून मातीला घालू?

ती म्हणाली, बीट मुळात समुद्रकाठचं.
खडकांच्या फटींत, वाळूत, आपलं आपण उगवायचं.
माणसांनी त्याला आत आत आणलं,
बटाट्यांच्या शेजारी बसवलं,
पण त्याची चव काही गेली नाही.
मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून
गाजरांकडे वळली.

बी मी मे महिन्यात पेरलेलं.
बी कसलं, खडबडीत खडा,
बुटातून झटकून टाकावा असा.
रात्रभर कपात भिजवला.
दहाव्या दिवशी एकेका खड्यातून
तीन-तीन, चार-चार कोंब,
लाल देठांचे,
एकमेकांच्या बगलेत डोकं खुपसलेले.

विरळणी कर, ल्युत्सिया म्हणाली.
एक ठेव, बाकीचे काढ,
नाहीतर कुणीच अंग धरायचं नाही.

गुडघे टेकून बसलो खरा.

आमच्या केबिनमध्ये चौघे होतो.
पाय लांब केले की
कुणाच्या तरी ओल्या मोज्याला लागायचे.
ऑक्टोबरात एका पहाटे स्कीर्मान्तास डेकवर गेला.
जाळं वर आलं, तो नाही आला.
पुढे बंदर गाठेपर्यंत एकोणीस दिवस
आम्ही तिघे ऐसपैस झोपलो.
त्याच्या फळीवर मी माझी बॅग ठेवली.
हे कुणाला सांगितलेलं नाही:
मला बरं वाटलं होतं. पाठीला.

तर, कात्री आणली.
उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात, म्हणून कात्री.
मातीलगत, एकेक.
कुठला ठेवायचा याला काही न्याय नव्हता,
हाताला पहिला लागला तो गेला.
शेवटच्या ओळीतला एक झुबका तेवढा राहू दिला.
विसरलो, असं सांगितलं.
कापलेली पानं ल्युत्सियानं ओंजळीनं नेली
आणि दुपारी त्यांचं सूप घेऊन आली,
वर अर्धं उकडलेलं अंडं.
मी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं.

मीठही घातलं मग. सपाट चमचा, शीग न लावता.
दुसऱ्या दिवशी पानं ताठ दिसली,
की मलाच तशी पाहायची होती, देव जाणे.

सप्टेंबरात बिटांचे खांदे मातीवर आले,
म्हाताऱ्या खलाशांच्या टाचांसारखे.
पानं सुरीनं कापायची नाहीत, पिळून तोडायची,
शेपूट राखायचं,
नाहीतर शिजताना सगळा रंग पाण्यात जातो.
हेही तिचंच.
झुबक्यातले चार निघाले अक्रोडाएवढे,
एकमेकांना टेकलेल्या बाजू चपट्या.
ते खिडकीत ठेवले. सुरकुतले तिथेच.

मोठं एक उकडलं, किसलं,
केफिरमध्ये काकडी आणि शेपू घालून
भांडं भरून प्यायलो, लग्नाघरासारखं गुलाबी.
सकाळी संडासात लाल पाहून
पोटात गोळा आला.
घर कुणाच्या नावावर करायचं इथवर पोचलो,
मग ल्युत्सियाला फोन लावला.
ती इतकी हसली
की फोन तिच्या हातून पडल्याचा आवाज आला.

आता तळघरात, वाळूच्या खोक्यात थर लावलेत.
जानेवारीच्या अंधारात हात घालतो.
वाळू थंड, थोडी ओलसर.
चाचपत जावं तर
काहीतरी गोल, घट्ट बोटांना लागतं.
लगेच ओढत नाही वर.
कोपरापर्यंत हात आत,
बसून राहतो थोडा वेळ.
वर बाहेर बर्फ पडत असतो,
आणि समुद्र इथून दोनशे किलोमीटरवर.