नव्या मेनूबद्दल

जानेवारीत ज्या रात्री निफाडचा पारा पाचाखाली गेला
त्या रात्री सारडा सर्कलला, इद्रिस मन्यारांच्या दुकानात
अकरा डिस्कस उकडून मेले.
हो, उकडून.
रिले चिकटला, हीटर चालूच राहिला.
माझ्या यंत्राने इमानेइतबारे कळवलं होतं: ई-शून्य-सात.
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत,
पंपाचा वेग आणि तारीख यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत.
जुबेरने ओके दाबलं, शटर ओढलं, घरी गेला.
ओके म्हणजे काय, ते पुस्तिकेत होतं.
पान चौतीस.

शनिवारी अंबडला लाईट नसते, कंपनी बंद.
मी दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिले, नुसती बघत.
इद्रिसभाई येतात, चप्पल काढतात,
आणि पालथा हात काचेला लावतात,
लेकराचा ताप बघावा तसा.
मग फिल्टरचा आवाज ऐकतात. मग वास घेतात.
पडद्याकडे एकदाही नाही.
"मॅडम, तुमच्या यंत्रात सगळं आहे," ते म्हणाले,
"फक्त पाणी कुठे आहे, ते सापडत नाही."

खरंच होतं.
मुख्य मेनू, सेटिंग्ज, सेन्सर, सेन्सर दोन,
तिथे कुठेतरी पाणी होतं.
मी आजवर प्रेस मशीनचे पॅनल केलेले;
त्यांच्यासमोर हेल्मेट घातलेला, ट्रेनिंग झालेला माणूस असतो.

पाथर्डी फाट्यावरच्या घरी, गुडघ्यावर शाल घेऊन
मी खोडत बसले.
वायफायच्या दांड्या खोडल्या. आलेख खोडला.
कंपनीचा लोगो खोडला
(साहेब चिडले; तो परत आला, पण बारीक होऊन).
लाईट जाऊन आली की घड्याळ एक जानेवारीवर जायचं,
आणि रात्री दोनला टाकीत सूर्य उगवायचा.
एंजल मासे उठून वर यायचे, खाणं मागायला.
किती महिने? कोणास ठाऊक.
आता ते आधी विचारतं:
लाईट गेली होती. किती वाजले?

मग शब्द.
भाषांतर करून आलं होतं: तापमानाने उच्च मर्यादा ओलांडली आहे.
इद्रिसभाईंनी ते दोनदा मोठ्याने वाचलं,
कोर्टाची नोटीस वाचावी तसं,
आणि म्हणाले, "पाणी तापलंय, असं लिहा ना."
लिहिलं. अख्ख्या पडद्याएवढं.

ओकेच्या जागी काय?
मान्य. ठीक. पोच द्या.
जुबेर हातात जाळी घेऊन उभा होता. त्याला विचारलं,
घरून हाक आली तर तू काय म्हणतोस?
"बघितलं, येतो."
तेच बटण झालं.
दाबलं की भोंगा दहा मिनिटं गप्प;
तोवर पाणी उतरलं नाही तर परत ओरडतो, पहिल्यापेक्षा मोठ्याने.
साहेबांनी विचारलं, दहाच का, तीस ठेवा, लोक वैतागतील.
मी कारण सांगितलं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला इद्रिसभाईंचा फोन आला होता.
रिले मधूनच चिकटतो, म्हणाले, जरा बघून जा.
मी करंज्या तळत होते.
येते, म्हटलं होतं.
नंतर कामं निघाली, नंतर डिसेंबर निघाला.
त्यांनी पुन्हा आठवण केली नाही,
आणि त्या रात्रीनंतरही
तो फोन एकदासुद्धा काढला नाही.

आता एकामागे एक असे दोन रिले आहेत.
मोठ्या टाकीत सध्या गप्पी, वीस रुपयांना जोडी.
डिस्कस परत कधी आणणार, हे मी विचारत नाही.
पडदा दिवसभर एवढंच म्हणतो:
पाणी बरं आहे. अठ्ठावीस.
मोतीबिंदूवाल्यालाही दिसेल अशा आकड्यांत.

इद्रिसभाई येतात, चप्पल काढतात,
पालथा हात काचेला लावतात.
ही गोष्ट मी
सुधारणांच्या यादीत घेतलेली नाही.