कारणाचा रकाना

नोव्हेंबर लागला की
आमच्या डेपोत सगळ्यांच्या पाठी दुखतात.
रजेच्या वहीत मी ओळीनं लिहून घेते :
गुंटिस, पाठदुखी. स्कायद्रीते, पाठदुखी.
सात नंबरच्या ट्रॅमवरचा तो उंच पोरगा, अवघा चोवीसचा,
त्याचीही पाठ.

रीगात या दिवसांत उजाडतं साडेआठला
आणि चार वाजतात न वाजतात तोच मिटतं.
पहिली ट्रॅम पहाटे पाचला निघते.
चालक आणि रात्र, मधे फक्त काच.
माणसं असतात, पण ती मागे.

एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसते.
मला काय कळत नव्हतं?
कोणी ताठ चालत येतं, कमरेला हातसुद्धा न लावता,
आणि म्हणतं, "पाठ."
पण पाठीवर शिक्का बसतो. पगार निघतो.
जेवायच्या टेबलावरून कोणी ताट उचलून
पलीकडे जात नाही.

एदमुंड्सनं एकदा खरं लिहिलं होतं.
महिन्याभरात त्याला ट्रॅमवरून उतरवून
हरवलेल्या छत्र्या मोजायला बसवलं, त्याच्याच भल्यासाठी.
पुढे त्याच्या कपाला कोणी हात लावेना,
जणू ते धुवूनही जाणार नव्हतं.
कप अजून फडताळात आहे. निळा, कडेला टवका.
एदमुंड्स येल्गावात, भावाच्या गॅरेजात, असं ऐकते.
मी तेव्हा काही बोलले नाही.
वहीत फक्त त्याच्या बदलीची तारीख नीट लिहिली,
माझं अक्षर चांगलं आहे.

मंगळवारी आइनार्सनं दगडी पुलावर ट्रॅम थांबवली.
सिग्नल हिरवा. रूळ मोकळे.
खाली दौगावा, अजून न गोठलेली, काळी.
मी वायरलेसवर विचारलं, "बिघाड?"
बराच वेळ नुसती खरखर.
मग तो म्हणाला, "गाडीत नाही."

हे सगळ्या चालकांना ऐकू गेलं.
गावभर रुळांवर पसरलेल्या बावीस केबिनींत.
नियमाप्रमाणे मी पुढचं वाक्य म्हणायला हवं होतं,
समोर छापून चिकटवलेलं आहे, पाठ आहे मला.
त्याआधीच स्कायद्रीते म्हणाली, "ऐकतेय मी, आइनार."
गुंटिस म्हणाला, "तुझ्या मागेच उभा आहे. घाई नाही मला."
आणि तो उंच पोरगा काहीच म्हणाला नाही,
नुसतं बटण दाबून धरून बसला,
आम्हाला त्याचा श्वास येत होता.

मी म्हटलं, ब्रेक लावून ठेव, येते.
पुलावर वारा कानशिलात मारत होता.
एक गृहस्थ उशीर झाला म्हणून ओरडत होते.
एका म्हातारीनं आइनार्सच्या हातावर बडीशेपेची गोळी ठेवली
आणि काही न विचारता उतरून चालू लागली.
मी पायरीवर बसले. तो म्हणाला,
"जिद्रा, सहा आठवडे झाले, झोपच नाही."
पुढे काय बोलायचं ते मला येत नव्हतं.
बसून राहिले. ते येत होतं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
त्याला विचारलं, काय लिहू?
"आहे ते."
लिहिलं. त्या अरुंद रकान्यात मावलं नाही,
दोन ओळी लागल्या.
साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं?
म्हटलं, ते तुम्ही शोधा. आणि त्याची ट्रॅम त्याचीच राहील,
तेवढं आत्ता लिहून द्या.
त्यांनी सही केली नाही अजून.
नकारही दिला नाही.

मग मी आठ वर्षांपूर्वीचं पान काढलं.
मार्च. माझंच नाव. पाठदुखी, अकरा दिवस.
खाडाखोडीला परवानगी नाही आमच्याकडे.
एक रेघ मारली, वर खरा शब्द लिहिला,
खालचा तसाच दिसतोय.

जाताना निळा कप काढून धुतला.
त्यातच चहा घेतला, टेबलाच्या मधोमध बसून.
कोमट होता.
पोरगा समोर येऊन बसला, म्हणाला,
"माझीही ओळ बदलायची आहे.
आज नाही. पण बदलायची आहे."